शेंदराखालचा मुद्देमाल

ती घटना आजही आठवते म्हणजे काय, माझ्या नाती मला ती विसरूच देत नाहीत. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझंही लपवलं असतं, पण फजिती माझीच आहे.

फ्रीगंज बाजारात नवनव्या कोल्ड्रिंकच्या पाट्या लागत होत्या, ते दिवस. मी उज्जैनजवळच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. वर्दीला कडक इस्त्री, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आपल्याइतकं हुशार अख्ख्या माळव्यात कुणी नाही ही खात्री.

शिप्रेचा काठ पुन्हा झाडांनी भरावा, बुजलेले ओहोळ वाहते व्हावेत म्हणून सरकार तेव्हा काठच्या जमिनी ताब्यात घेत होतं. मोजणीवाल्यांनी फीता धरून हद्दीचे दगड रोवले, त्यांना पांढरा ऑइलपेंट फासून वर काळा बाण काढला. एका गावात मात्र ते दगड गायब होऊ लागले. अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा दाखल झाला, तपास माझ्याकडे. मी टोळीचा संशय धरला. दगडांची टोळी! दोन ट्रकवाल्यांना दिवसभर ठाण्यात बसवलं. त्यांनी आमचा चहा तेवढा संपवला.

मग देवास गेटचा चहावाला, आमचा जुना खबरी, त्याने टीप दिली की त्याच गावात एक नवा भैरव प्रकटलाय. बिचारा याहून उघड काय सांगणार? मी विचारलं, नवसाला पावतो का? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "जाके देख लो, मैडम."

गेले. नदीपासून थोडं आत, झेंडूच्या मळ्यात, ओट्यावर शेंदूर फासलेला भैरव. मळ्याची मालकीण एक विधवा म्हातारी, राम घाटावर माळा विकून घर चालवणारी. तिने गूळ-पाणी दिलं. आमचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळे दीवानजी म्हणत, त्यांना उज्जैनच्या रिवाजाप्रमाणे भैरवाला दारू चढवायची फार इच्छा होती. ड्यूटीवर नको म्हणून मी त्यांना दटावलं. स्वतः मात्र बूट काढले, चोर सापडू दे, नारळ फोडीन असा नवस बोलले आणि वाटीभर तेल देवावर ओतलं. ऊन रणरणतं. गुळगुळीत ऑइलपेंटवर शेंदूर धरणार तो किती? डोळ्यांदेखत देवाचा चोळा, म्हणजे शेंदराचा थर, सुटून पडला आणि आतून मोजणीवाल्यांचा काळा बाण निघाला.

जागेवरच चौकशी सुरू केली, होता नव्हता तो सगळा जाड आवाज काढून. दगड कुणी आणले, साथीदार कोण? म्हातारीने शांतपणे सांगितलं, ती आणि तिची सून, गोणपाटावर ओढत. बाकीचे दगड ओट्यात पालथे बसवलेत, तेही दाखवले. मळा अख्खा हद्दीत गेला, आता घाटावर काय विकू, असं ती साहेबलोकांना विचारून थकली होती.

"सरकार मेरी नी सुने, बेटी. पर भैरव के आगे सबका फीता रुक जाता है."

मी चोरीचं कलम ऐकवलं. ती म्हणाली, "तूने चोर माँगा, मिल गया. अब नारियल फोड़."

मी मुद्देमाल उचलायचा हुकूम सोडला. शिपाई हलेनात. दीवानजी अदबीने म्हणाले, "आप ही उठाइए मैडम, मन्नत तो आपकी है." मी वाकले, दगडाला हात लावला आणि नमस्कार करून सरळ झाले. शेवटी पंचनाम्यात लिहिलं की मुद्देमाल अवजड, सबब जागेवरच जबाबदार इसमाच्या सुपूर्द. जबाबदार अशी तिथे एक म्हातारीच दिसत होती. चोरीचा माल आरोपीच्याच ताब्यात देणारी खात्यात मी एकटीच असेन.

साहेबांनी झाप झाप झापलं. मी म्हटलं, सर, तुम्ही उचला. ते आले, पण सपत्नीक आणि नारळ घेऊन. मोजणीवाल्यांचीही छाती होईना. तेव्हा तहसीलदारांनी फीता नव्याने धरायला लावला आणि हद्द भैरवाच्या पुढून, नदीकडून नेली. काठाची पट्टी सरकारला मिळाली, तिथे आज अर्जुन-जांभळीची दाट सावली आहे. मळा म्हातारीकडे राहिला. तिला समज देऊन सोडलं. समज मीच दिली, ती तिने माळ ओवता ओवता ऐकली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. तपासाला जाताना देवाला नमस्कार जरूर करावा, पण आधी त्याच्या मागे जाऊन बघून यावं. आणि हद्द आखण्यापूर्वी आतल्या माणसाला एकदा विचारावं. नाहीतर तो देवाला मध्ये घालतो, आणि देवावर वॉरंट कुठल्याच कोर्टातून निघत नाही.