माझी नॅनोवाली बांधी

तालुक्याला झालेल्या प्रशिक्षणातून मी परतलो तो अर्ध्या लिटरची बाटली आणि भलतीच अक्कल घेऊन. नॅनो युरिया. कण इतके बारीक की पानावर फवारला की थेट आत शिरतो; थैलीतला युरिया बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, पाण्यात फेकायचा आणि नाल्याला वाहून घालवायचा, ही भानगडच संपली. हे सगळं मला तासाभरात समजलं होतं आणि घरच्यांना जन्मात समजणार नाही, अशी माझी खात्री होती.

वडलांच्या मागे शेती थोरला भाऊच पाहतो. माझे केस पिकले तरी रोपांची लावणी म्हणजे रोवणा कधी, खत किती, सगळं त्याच्या शब्दावर. 'मलाही कळतं' हे सांगून माझा घसा बसला होता. त्या दिवशी त्याने बाटली हलवून पाहिली आणि म्हणाला, "नाल्याजवळची बांधी तुले दिली. धान साजरा आला तं पुढच्या सालापासून सारी शेती तूच पाह्य. नाई आला तं मुकाट्यानं माझं ऐकाचं."

मी चष्मा, तोंडाला फडकं, डोक्यावर टोपी, पाठीवर पंप अशा थाटात बांधीत उतरलो. बायको म्हणाली, "अजी, धानाले भेव वाटन."

पण धान काय तरारला! आजूबाजूच्या बांध्या पोपटी आणि माझी काळपट हिरवी. मी लोकांना धुऱ्यावर, बांधीच्या बांधावर, नेऊन दाखवू लागलो. पानठेल्यावर तर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत समोरच्याला पानाची छिद्रं समजावायचो. लोक मला टाळू लागले होते, मला वाटायचं जळतात.

लोंब्या भरल्या आणि एका संध्याकाळी वाऱ्यासह पाऊस आला. सकाळी पाहतो तो माझी बांधी सतरंजीसारखी आडवी. बाकीच्या सगळ्या उभ्या. खत जास्त झालं की धान माजतो आणि पडतो, हे मलाही ठाऊक होतं, पण एवढ्याशा बाटलीने? मी बाटलीला, कंपनीला, शिकवणाऱ्या साहेबाला शिव्या घातल्या आणि तक्रार करायला धुऱ्यावरूनच तालुक्याला निघालो.

तेव्हा बायको म्हणाली, "साहेबाकडं नका जाऊ. मी युरिया फेकला होता, दोनदा. लोकाइत तुमची हासी नोको व्हाले म्हून."

भाऊ खाकरला. "मीबी फेकला."

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. म्हणजे मी चौकात भाषणं ठोकत होतो आणि माझ्या पाठीमागे हे दोघं एकमेकांच्या नकळत बांधीला जेवू घालत होते. ती बाटली काम करते की नाही, हे मला आजही माहीत नाही.

बायकोचं समजू शकतो, तिला माझ्यासोबत राहायचं आहे. पण भाऊ?

"मी हारलो असतो तं तूच जितला असता ना? मंग तू काऊन फेकला?"

तो धुऱ्यावर बसून गुडघा चोळत होता. "मले आता चिखलात उतरनं होत नाई बाबू. तू हारला असता तं शेती कोनाले देऊ?"

मला रडू आवरेना. पलीकडच्या बांधीतला माणूस ओरडला, "जाऊ दे गा, धानच हाये, पुढच्या साली होईन!"