सदू खाली असताना मी मोटार चालू केली

मित्रांनो, ग्रुपवर एक विचारायचंय.

मी उसाला पाणी देणाऱ्या उपसा योजनेवर ऑपरेटर आहे. आज सकाळी आमचा फिटर सदू फुटलेला पाइप जोडायला पाइपलाइनच्या खोल चेंबरमध्ये उतरला. जाताना बजावून गेला, "अण्णा, माजा फोन येईस्तवर मोटार चालू करू नगा." मी हो म्हणालो. थोड्या वेळानं रोजच्या सवयीनं यमाईचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

सदू कसाबसा वर आला. अंगभर चिखल. साहेबांसमोरच म्हणाला, "आवं, सकाळीच घेतली व्हय?" सगळे हसले. दारूला मी आयुष्यात शिवलो नाही, तरी मीही हसलो. दारूची चेष्टा संध्याकाळपर्यंत विरते. आजार कळला तर नोकरी राहील का?

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार. पाय जड होतात हे मी धरून चाललो होतो. विसरही पडेल, तेव्हा सगळं लिहून ठेवा आणि कामावर सांगा, असं सांगलीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मी दोन्ही केलं नाही.

तुमच्यापैकी कुणी असा आजार साहेबांना सांगितलाय का? नंतर काम राहिलं का? सकाळच्या आत कळवा. पाइप अजून गळतोय, आणि उद्या सदू पुन्हा खाली उतरणार आहे.