चाकावरची जागा

माझं शेवटचं पोस्टिंग लडाखमधल्या एका लहान वर्कशॉपवर होतं. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी सहाला फॉलिन, म्हणजे रांगेत हजेरी, मग इंजिनं गरम करायची, मग दिवसभर लोखंड. हातमोज्याशिवाय पाना धरला की कातडी चिकटायची.

आमच्याकडे एक पद्धत होती. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. ज्यानं चाक उघडून पुन्हा बसवलं, त्यानं पहिल्या फेरीला त्याच चाकावरच्या जागेवर बसायचं. गाडी दुसऱ्यानं चालवायची. बसणाऱ्यानं फक्त ऐकायचं. काम ठीक वाटलं की तळहातानं पत्र्यावर दोनदा थापटायचं. ड्रायव्हरला तेवढं पुरे असे.

नायक मिलिंद खरात माझ्या हाताखाली होता. गाव शेंद्रा, माझ्या शहराजवळचंच. इतक्या लांब आपल्याकडचा माणूस भेटल्यावर आम्ही आपसात मराठीच बोलायचो. जेवण झालं की मी दुरुस्तीचं पुस्तक उघडायचो. तो म्हणायचा, "उस्ताद, लई वाचू नका. पुस्तकातलं बेअरिंग कधी वाजत नाय."

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच्या पत्नीचा, रेखाचा फोन आला. ती शेंद्र्याला कारखान्यात नोकरी करते. मिलिंदनं एका सुट्टीत जुनी एसयूव्ही घेतली होती. ती तिनं आजवर ठेवली आहे.

"दादा, गाडी मागून घुमतीय. गॅरेजवाला म्हणतो, मोठं काम आहे, काढून टाका. रविवारी एक जण बघायला येणार आहे. विकू का?"

"वेग वाढला की आवाज वाढतो?"

"व्हय."

"मग माझ्याकडं आणून लाव."

"आणते. पण आवाज नाही गेला तर मी देऊन टाकीन. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री एकटी येते मी. रस्त्यात बंद पडली तर माझ्यासोबत कोण आहे?"

दुसऱ्याच दिवशी ती गाडी लावून रिक्षानं परत गेली.

मी छावणीजवळ राहतो. एकटाच. घरासमोर एक गाडी उभी राहील एवढी फरशी आहे. पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले. मागची बाजू जॅकवर उचलली, खाली स्टँड दिले. डावं चाक हातानं फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. खरखर हातात आली. वर-खाली धरून हलवलं तर चाक किंचित डुगडुगलं. उजव्याचं तेच, थोडं कमी. बेअरिंग दोन्हीकडची गेली होती. गाडीत मोठं असं काही नव्हतं.

चाकं काढली, ड्रम काढले, ब्रेकचे पाइप सोडले. डावा शाफ्ट, म्हणजे चाकाचा दांडा, लगेच निघाला. उजव्याला दुपार झाली. बेअरिंग शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेलं असतं, ते घरी निघत नाही. दोन्ही शाफ्ट फडक्यात गुंडाळून शहागंजला नेले. तिथं प्रेसवाल्याकडे, म्हणजे दाबयंत्रावर बेअरिंग काढून बसवणाऱ्याकडे, गर्दी होती.

"चाचा, प्रेस खाली नहीं है. हतोडेसे बिठा दूं? दो मिनटका काम."

"नको. मी थांबतो."

"फौजी हो क्या?"

"होतो."

"तो बैठो. फौजियोंको बैठनेकी आदत नहीं, फिर भी बैठो."

मी बसलो. हातोड्यानं बेअरिंग बसतं, पण आत ज्या खुणा पडतात त्या महिन्याभरात वाजायला लागतात. संध्याकाळी नवीन बेअरिंग चढवून दोन्ही शाफ्ट घरी आणले.

दुसऱ्या दिवशी नवीन सील घालून सगळं बसवलं. ब्रेकमधली हवा काढायची राहिली. त्या कामाला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबतो, दुसरा चाकाशी हवा सोडायचं निपल ढिलं करतो. मी चाकाशी बसलो, पाना लावला आणि म्हणालो, "दाब."

कोणी दाबलं नाही. मग एक नळी आणली, तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलात बुडवलं आणि पेडल मीच दाबत गेलो. असंही होतं. वेळ लागतो.

लडाखमध्ये मिलिंद गेला, त्या वेळीही मागचं डावं चाक होतं. अ‍ॅम्ब्युलन्स संध्याकाळी घुमत परत आली. मिलिंदनं रात्रीच चाक उघडलं आणि बेअरिंग बदललं. मी कंदील धरला होता. सकाळी ट्रायल घ्यायची होती. पण पहाटे पोस्टवरून मेसेज आला. एका जवानाला श्वास घेता येत नव्हता. सुभेदार साहेब म्हणाले, "गाडी तयार?"

"ट्रायल बाकी है, साब," मी म्हणालो.

"जाते जाते ले लो."

मिलिंद मागं चढला आणि डाव्या बाकावर, चाकाच्या वर बसला. दार ओढताना मला म्हणाला, "पाणी ठेवा चहाला."

अर्ध्या तासानं वायरलेस सेटवर ड्रायव्हर बलविंदरचा आवाज आला.

"पत्थर गिरा है. पीछे लगा है."

"खरात?"

"खरात नहीं बोल रहा."

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं. दुसरी गाडी गेली. पोस्टवरचा जवान वाचला.

पुढं कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, बसली. चाकानं दगा दिला का, हा पहिला प्रश्न होता. ते चाक अधिकाऱ्यांसमोर मी उघडलं. बेअरिंग स्वच्छ होतं, ग्रीस जागच्या जागी. बलविंदरनं सांगितलं, दगड येण्याआधी मागून दोनदा थाप ऐकली होती. कामात दोष नाही, असं लिहिलं गेलं.

ते मी रेखाला तेव्हाच सांगितलं होतं. पद्धतीबद्दल बोललो नव्हतो. ती पद्धत नसती तर तो पुढं बसला असता, हा विचार तिच्या घरात नेऊन ठेवायचा नव्हता.

शनिवारी सकाळी ती आली. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि मागं डावीकडं जाऊन बसलो.

"हे काय दादा? मी काय टॅक्सीवाली आहे का?"

"तू चालव. मला ऐकायचंय."

नगर नाका ओलांडून ती मिटमिट्याच्या रस्त्याला लागली. सकाळची वाहतूक कमी होती. तिनं वेग वाढवला. मी डोळे मिटले. टायरांचा आवाज होता, वाऱ्याचा होता. घुमणं नव्हतं. हात आपसूक उचलला गेला. मी दाराच्या पत्र्यावर दोनदा थापटलं.

तिनं गाडी हळू केली. आरशात माझ्याकडं बघितलं.

"असं ते पण करायचे," ती म्हणाली. "गाडी घेतली तेव्हा मागचे ब्रेक त्यांनीच केले. मला म्हणाले, तू चालव, अन् स्वतः मागं जाऊन बसले. गल्लीतल्या बाया हसायल्या, नवरा साहेब अन् बायको ड्रायव्हर म्हणून. वरून मागून पत्रा बडवला. मला वाटलं, माझी टर उडवतात. दोन दिवस बोलले नाही मी."

मला हे माहीत नव्हतं. मग मी तिला पद्धत सांगितली. चाक कोण बसवतो, कुठं बसतो, कशासाठी थापटतो, एवढंच. बाकीचं तिनं स्वतः जुळवलं.

"म्हणजे तिथंही असेच मागं बसले होते."

"हो."

"अन् थापटलं होतं?"

"थापटलं होतं. बलविंदरनं ऐकलं."

परत वळायची जागा आली होती. ती वळली नाही. दौलताबादचा किल्ला समोर दिसू लागेपर्यंत सरळ चालवत राहिली.

"रविवारी येणाऱ्याला नको म्हणून कळवते," ती म्हणाली.

"बरं."

"दादा, अजून एकदा थापटा."

मी थापटलं. दोनदा.