पहिली लड आमच्या दारी

फटाके रात्री आठ ते दहा, असा आमच्या नगरपरिषदेचा नियम आहे. दिवाळी जवळ आली की कचऱ्याची घंटागाडी तो भोंग्यावर सांगत फिरते. लोक कचरा टाकतात, नियम ऐकतात आणि पहाटेपासून सुतळी बॉम्ब लावतात. मेल्यांनो, घरात घड्याळ नाही का?

मला त्या नियमाची गरज होती. आमच्या यांचं सारं आयुष्य जिनिंगमध्ये, कापसाच्या धुळीत गेलं आणि छातीचा पार खुळखुळा झाला. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, यांना धूर चालणार नाही, एखादा मोठा झटका आला तर हाती काही राहणार नाही. दोन तासांचं मी भागवलं असतं. खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची, यांना मागच्या खोलीत बसवायचं. पण दिवसभर माणसाला कोंडून कसं ठेवणार? पोलीस ठाण्यात गेले तर शिपाई हसला. "काकू, वर्षाचा सण हाये, लेकरं हायेत." लेकरं म्हणे! चाळिशीचे घोडे फोडत होते.

मग निवडणूक आली. आमच्याच गल्लीतला एक जण उभा राहिला, माझ्या डोळ्यांदेखत मोठा झालेला. मत मागायला आला तेव्हा मी त्याला ओट्यावरच अडवलं. म्हटलं, "मले रस्ता नको, नाली नको. आठ ते दहा म्हणजे आठ ते दहा, एवढं करून दाखवशील?" त्यानं यांच्या पायाला हात लावला. "काकू, शब्द देतो." मनानं चांगला आहे तो, आजही मी वेगळं म्हणणार नाही. हळदीकुंकवालाही चार घरांपलीकडे न जाणारी मी, त्याच्यासाठी उन्हात दारोदार फिरले. हे घरी बसून चिडवायचे, "नेत्या झाल्या आमच्या बाईसाहेब!"

तो निवडून आला. दुपारीच मिरवणूक निघाली, डीजे, गुलाल, आणि थांबली ती थेट आमच्या दारापुढं. आमच्याकडे ज्याचा मान करायचा त्याच्या दारी फटाक्यांची लड लावतात. फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत त्यांनी ती अंथरली. मी हात जोडत धावले. "अरे बापू, काका आत हायेत!" त्या डीजेपुढं माझं कोण ऐकतो? त्यानं वाकून नमस्कार केला, माझ्या कपाळाला गुलाल लावला आणि कानाशी ओरडला, "काकू, तुमच्यामुळं आलो! पहिली लड तुमच्या दारी!"

लड पेटली. मागे वळून पाहते तर हे दारात उभे. इस्त्रीचा सदरा घातलेला, हातात आरतीचं ताट, मी त्याला ओवाळावं म्हणून स्वतः तयार केलेलं. मग धुरात ते दिसेनासे झाले. ताट पडल्याचंही मला ऐकू आलं नाही.

मी त्याच्या गळ्यातला हार धरून त्याला गदागदा हलवलं. "शब्द दिलता ना रे तू?" तो गोंधळला. "काकू, तो रूल तं दिवाळीचा हाये. आज कुठं दिवाळी हाये?" खरंच तसंच वाटत होतं त्याला. त्याच्याच गाडीत यांना सावंगीला नेलं, त्यानंच धावपळ करून खाट मिळवली. आता मी भांडू तरी कोणाशी? नियम होता, शब्द होता, आमचा माणूस निवडूनही आला, आणि धूर यांच्या छातीत गेला तो गेलाच. त्या दिवसापासून माझा कशावर म्हणून भरवसा राहिलेला नाही.

दवाखान्यात यांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला. मी रागातच विचारलं, "तुम्ही बाहेर काऊन आले हो? तुम्हाले मालूम नव्हतं काय?"

"मालूम होतं." एकेका शब्दाला दम खात बोलत होते. "इतके साल तू माह्यापायी घरात कोंडून राह्यली. आज पहिल्यांदा कोणी तुह्यासाठी लड लावून राह्यलं होतं. मी आत कसा बसू?"

"मले नव्हती पाहिजे ती लड," मी म्हटलं. पण तोवर नर्सबाईंनी मास्क पुन्हा चढवला होता. तो मग हे गेल्यावरच निघाला.