कामाचा वास

पॉलिशमिस्त्रीच्या अंगाला बारा महिने स्पिरिटचा वास यायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. धंदाच तसा. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, मलमलच्या चिंधीत कापूस गुंडाळून बोळा करायचा आणि कपाटाच्या दारावर हात फिरवत राहायचं, दारात तोंड दिसेपर्यंत. दुकानात पाऊल टाकलं की गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावायचं.

असा वास फुकटात अंगावर मिळाला की त्याच्या आडोशाला माणूस काय लपवेल सांगता येत नाही. मिस्त्रीने बाटली लपवली. स्पिरिट नव्हे हं. ते पिणारा आंधळा होतो, एवढी अक्कल शाबूत होती. साधी विकतची दारू. दुपारच्या डब्यानंतर दोन घोट, मग चार, मग मोजणंच सोडलं. घरी जाताना लवंग चघळायची, बोलताना तोंड जरा बाजूला वळवायचं, कुणी गळाभेट घेतली तर श्वास रोखून धरायचा. सात वर्षं हे चाललं. बायको दारातच म्हणायची, "आधी हातपाय धुवा, काय भपका येतोय!" आणि हा "हो गं" म्हणत मोरीकडे पळायचा.

ओळखलं ते थोरल्या मेहुण्याने. बायकोचा मोठा भाऊ, स्वतः सुतार. स्पिरिटचा वास कसा असतो हे त्याला कुणी शिकवायला नको. तीन वर्षांपूर्वी त्याच्याच बैठकीच्या खोलीत सगळे जमले असताना तो शांतपणे म्हणाला, "मिस्त्री, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही पिता. आपल्यात हे हराम आहे. वेळीच सोडा."

मग बायको उठली. फळीवरून कुराण काढलं, कपाळाला लावलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अल्लाहची शपथ, हा वास कामाचा आहे. भाई, तू माझ्या माणसाची अब्रू काढलीस."

मिस्त्रीने तेव्हा काय केलं? गप्प बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्याने दोन्ही हात पुढे केले, लाखेने तांबूस झालेली नखं सगळ्यांना दाखवली आणि दुखावल्यासारखा आवाज काढून म्हणाला, "बघा की, भाईसाहेब. बघा ना नखं." पुढे ही एकच गोष्ट आठवली की त्याला पानावरून उठावंसं वाटायचं. दारू तो शेकडो वेळा प्यायला होता, पण ती नखं त्याने एकदाच दाखवली होती.

बायकोने माहेर तोडलं. भाचीचा निकाह झाला, बोलावणं आलं, पण बायको गेली नाही. नव्या साडीची घडी कपाटात तशीच राहिली. मेहुणा चारचौघांत खोटारडा ठरला आणि पुन्हा या विषयावर चकार शब्द बोलला नाही.

दारू सुटली ती एका शुक्रवारी. मिस्त्री दुपारी दोन घोट घेऊन तसाच नमाजाला उभा राहिला होता. नशेत नमाजाजवळ जाऊ नका, आपण काय म्हणतो ते कळेपर्यंत थांबा, हे त्याला पाठ होतं. पाठ असून उपयोग काय? वयाच्या चौथ्या वर्षापासून येत असलेल्या फातिहामध्ये, कुराणाच्या पहिल्याच प्रार्थनेत, तो मध्येच अडकला. पुढची ओळ सापडेना. आजूबाजूचे वाकले, उठले, आणि हा बुजगावण्यासारखा उभाच. कुणी पाहिलं नाही, पण त्याची कानशिलं तापली. दुकानात येऊन त्याने बाटली मोरीत ओतली. पुढचे आठ दिवस अंगाला कापरं सुटलं, घामाने गादी भिजली. बायकोला त्याने सांगितलं, ताप आहे. ती बिचारी उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत राहिली. म्हणजे सोडतानाही खोटंच.

तीन महिने झाले. मग मशिदीतून निरोप आला: मिंबर, म्हणजे ज्या लाकडी पायऱ्यांवरून इमामसाहेब शुक्रवारचं प्रवचन देतात ते, कळाहीन झालंय, पॉलिश करून द्या. मिस्त्री गेला, लाकडावर बोट फिरवलं आणि विचारलं, "इमामसाहेब, यात स्पिरिट असतं. मिंबराला चालेल?"

"जाणकारांत दोन मतं आहेत. आपण ज्यांचं मानतो ते लाकडाला लावायला हरकत घेत नाहीत. उडून जातं ना?"

"जातं. तासाभरात." मिस्त्रीने तोंड बाजूला वळवलं. "आणि माणसाच्या पोटात गेलेलं?"

इमामसाहेबांनी चष्मा काढला. "सोडलंत?"

"तीन महिने झाले."

"पस्तावा आहे? परत वाटेला जाणार नाही, असं मनाशी ठरवलंय?"

मिस्त्रीने मान हलवली.

"मग अल्लाहने झाकलंय ते तुम्ही चव्हाट्यावर आणू नका. तौबाचं दार उघडं आहे." मिस्त्रीचा जीव भांड्यात पडतोय तोवर ते पुढे म्हणाले, "फक्त यापायी कुणा माणसाचा हक्क मारला असेल, तर तो त्याला परत करावा लागेल. त्याशिवाय तौबा पुरी होत नाही."

खरं तर हे सांगायला मिस्त्रीला इमामाची गरज नव्हती. जुना थर खरवडून न काढता वर नवा हात मारला तर महिनाभरात पापुद्रे सुटतात, हे तो उमेदवारांना वीस वर्षं बजावत आला होता. चार दिवस तो मिंबर घासत राहिला. घासून झालेलंही पुन्हा घासलं, कारण काम संपलं की घरी जाऊन बोलावं लागणार होतं. बायको सोडून गेली तर? भावासाठी नवऱ्यावर थुंकली तर? तसं केलं तरी तिचं काही चुकणार नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारीच तो घरी आला. बायको तांदूळ निवडत होती. तो उंबऱ्यातच बसला आणि जमिनीकडे बघत सगळं ओकला. भाईसाहेब खरं बोलले होते. नखं दाखवली ते नाटक होतं. ताप नव्हता.

बायकोने सूप बाजूला ठेवलं.

"कामाच्या दिवशी वास तुमच्या कपड्यांना यायचा," ती म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी नुसता तोंडाला यायचा. मला नाक नाही का?"

मिस्त्रीने मान वर केली. "मग शपथ?"

"मला पक्कं ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं. वाटलं, मी मोठ्याने म्हटलं की ते खरं होईल." तिचा आवाज फुटला. "तेव्हापासून प्रत्येक नमाजात मी त्या एका शपथेची माफी मागते. तुम्ही आपली बाटली ओतून मोकळे झालात. माझं काय?"

सात वर्षं तो समजत होता की पाप आपल्या एकट्याच्या नावावर आहे, आणि त्यातही थोडी ऐट होती. ती ऐटसुद्धा आता उरली नाही. लाज कशी असते ते त्याला त्या उंबऱ्यात कळलं.

"उठा," ती डोळे पुसत म्हणाली. "भाईकडे जाऊ. तुमची माफी तुम्ही मागा, माझी मी मागेन. आणि मध्ये बोलू नका."

तीन गल्ल्या ओलांडायला तीन वर्षं लागली. मेहुण्याने दार उघडलं. हातात रंधा होता, दाढीत भुसा. बहिणीला बघून तो जागीच थबकला. ती "भाई" एवढंच म्हणाली. तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं.

मिस्त्री दोन पायऱ्या खाली उभा होता. "भाईसाहेब," तो म्हणाला, "तुम्ही खरं बोलला होता. मी सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं. सगळ्यांसमोरच परत सांगेन."

मेहुण्याने बहिणीला हळूच बाजूला केलं. मग रंधा खाली ठेवून दोन पायऱ्या उतरला आणि त्याने मिस्त्रीला मिठीत घेतलं.

तीन महिन्यांत मिस्त्रीच्या ओठाला थेंब लागला नव्हता. तरी सवयीने त्याने तोंड बाजूला वळवलं आणि श्वास रोखून धरला.