मास्तरांनी धरलेला पंख

आदिलाबाद स्टेशनाबाहेरचा रिक्षावाला माझ्याशी मराठीत बोलला, फोनवर तेलुगूत आणि आडव्या आलेल्या म्हशीशी उर्दूत. त्यानं मला फंक्शन हॉलच्या दारात सोडलं. आत कॉस्प्ले होतं, म्हणजे आवडत्या कार्टूनमधल्या पात्राचा वेश मुलं स्वतः शिवून, चिकटवून मिरवतात, ते. भाचीनं पिटाळलं नसतं तर या वयात मी असल्या सोंगांच्या वाटेला गेलो नसतो.

दारात शिंगं लावलेला एक राक्षस मिरची बज्जी खात होता. मीही घेतली आणि जीभ पोळून घेतली.

कोपऱ्यात चंदेरी चिलखत घातलेली एक मुलगी रडत होती. गुडीहत्नूरकडची प्रज्ञा. पुढ्यात तिच्या वेशातल्या पंखांच्या बांबूच्या कामट्यांचा चुराडा. शेजारी तिचे वडील, शाळामास्तर. बसमध्ये पंख मावेनात, म्हणून त्यांनीच ते शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापसाखाली ठेवले होते. बाजारात ट्रॉली रिकामी करताना पंखही ढिगाखाली गेले.

"म्या म्हटलं, कापसात काय मोडन?" मास्तर मला म्हणाले. "पोरगी किती दिवसापासून करून राह्यली होती."

राक्षसानं बज्जी ठेवली. "रेक्कलु (पंख) इकडं आना," म्हणत त्यानं फरशीवर बैठक मांडली. एका राजकन्येनं आपल्या झग्याचा घेर कापून दिला. ज्यांचे नंबर प्रज्ञानंतर होते, ते आधी स्टेजवर गेले. यातलं कुणीही तिच्या ओळखीचं नव्हतं.

"हे सारे काऊन करून राह्यले?" मास्तरांनी विचारलं.

"मागच्या टायमाले माही तलवार तुटली होती, अंकल," राजकन्या म्हणाली. "तवा मले दुसऱ्यानं देली."

एक पंख जुळला. दुसरा खांद्यावर टिकेना, कुणीतरी तो धरायला हवा होता. वेशाशिवाय स्टेजवर जायला बंदी होती. राक्षसानं आपली शिंगं उतरवून मास्तरांच्या डोक्यावर बसवली.

प्रज्ञा स्टेजवर गेली. मागे पांढऱ्या शर्टातले, शिंगवाले मास्तर दोन्ही हातांनी पंख धरून. हॉल हसला, मीही हसलो. निवेदकानं माइक पुढे केला.

"सर, तुमी कोन बनले?"

"कोनी नाई. पंख माह्यानं मोडला. म्हून धरून राह्यलो."

हसू थांबलं. प्रज्ञानं वळून बापाकडे पाहिलं आणि ताठ उभी राहिली.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. परतीच्या गाडीत, खरं सांगतो, मला मास्तरांचा हेवा वाटत होता. चूक झाली की आपण तोंड चुकवत फिरतो. त्यांना त्या अनोळखी पोरांनी उभं राहायला जागा करून दिली, आणि तीही लेकीच्या शेजारी.