भुंडे हात

गोजरबाई दिसण्याआधी ऐकू यायची. टेंभुर्णीत सकाळी ती गल्लीतून निघाली की आधी तिच्या बांगड्या यायच्या, मग ती. तो आवाज कानावर पडला की आया पोरांची नाकं पुसायच्या, चड्ड्या चढवायच्या आणि त्यांना उंबऱ्यावर उभं करायच्या. १९८३ साली गावात अंगणवाडी आली तेव्हापासून ती गोजरबाईचीच होती. देवळाच्या सभामंडपात भरायची. पाट्या आणि सुकडीची पोती सरकारची. ढोलकी तिची स्वतःची. शिक्षण सातवीपर्यंत, पण मंडपभर पोरं एका टाळीत गप्प बसवायची आणि दुसऱ्या टाळीत नाचवायची.

चुड्याचा तिला अभिमान होता. बाजाराच्या दिवशी कासारापुढे पहिली तीच बसायची. एखादी बांगडी वाढवली तर दिवस मावळायच्या आत तिच्या जागी दुसरी यायची. हात रिकामा दिसता कामा नये. नवरा कारभारी म्हणायचा, "मला घड्याळ कशाला पाहिजे? हिच्या बांगड्या थांबल्या की समजायचं, कणीक मळून झाली." पन्नाशीला टेकली तरी ती यावर लाजायची.

१९९४ साली गावाला दुसरी अंगणवाडी मिळाली, बाजारतळाच्या बाजूला, भाड्याच्या एका पत्र्याच्या खोलीत. ती पुष्पाबाईला दिली. पुष्पाबाई तिशीच्या आतली, दहावी पास. सासरचे मेंढरंवाले. नवरा विहिरीच्या कामावर दगडाखाली गेलेला. हात भुंडे, कपाळ मोकळं. बोलायला तिखट. गोजरबाईला ती अक्का म्हणायची, पण त्या अक्कात वाकणं नव्हतं.

सुरुवातीला गोजरबाईचं जळणं लहान होतं, लुगड्यात अडकलेल्या कुसळाएवढं. उभं असताना कळायचं नाही, बसलं की टोचायचं. बाजारतळाकडची पोरं तिकडे गेली, ते ठीक. मग देवळाजवळचीही दोन-चार गेली. ती म्हणाली, "जाऊ द्या. तिकडं सुकडी जास्ती वाढत आसंल."

पुढच्या हिवाळ्यात दोघींना जालन्याला प्रशिक्षणाला बोलावलं. स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये पुण्याहून आलेल्या एक बाई नाटक शिकवत होत्या. अगदी लहान पोरांसाठी, अजून नीट बोलताही न येणाऱ्या. नाटक मनातल्या गोष्टींचं: राग, भीती, रुसवा, हसू. स्टेज नाही. पोरं नाटकाच्या आतच बसणार. उजेड मंद, आवाज हळू, टाळ्या नाहीत. पोराला वाटलं तर ते हात लावेल, आडवं पडेल, उठून जाईल. त्याला धरून बसवायचं नाही. काही पोरांना आवाज टोचतो, उजेड टोचतो, त्या बाई म्हणाल्या. त्यांनाही नाटक आपलं वाटलं पाहिजे.

गोजरबाईच्या डोळ्यांपुढे क्षणभर द्वारका आली. तिची नात, अडीच वर्षांची. देवळातली घंटा वाजली की कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड करणारी. अजून एक शब्दही न बोललेली. पण गोजरबाईनं तो विचार माशी हाकलावी तसा हाकलला आणि मोठ्यानं म्हणाली, "आवाजाबिगर खेळ? मंग तो खेळ कशाचा, मयताचा?"

बायका हसल्या. पुष्पाबाईही हसली. मग म्हणाली, "अक्का, मयताला तर लई आवाज असतोय. मी ऐकलाय ना."

परतीच्या एसटीत दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

गावात आल्यावर गोजरबाईनं तेच नाटक आपल्या पद्धतीनं बसवलं. राग म्हणजे घासलेटचा रिकामा डबा, काठीनं बडवायचा. भीती म्हणजे काळं फासलेला मुखवटा. पोरं किंचाळली, काही रडली, बाकीची हसून लोळली. आया मंडपाच्या पायऱ्यांवर बसून टाळ्या वाजवत होत्या. गोजरबाई घामानं भिजली होती, तृप्त होती. द्वारका सुकडीच्या पोत्यांमागे होती. खेळ संपल्यावर तिला बाहेर काढायला गेली तर पोरीनं पोत्याच्या शिवणीत बोटं घट्ट अडकवली होती.

द्वारका आजीकडे कधी आलीच नव्हती. तान्ही असताना मांडीवर घेतली की अंग ताठ करायची. बाकी साऱ्या गावाची पोरं गोजरबाईच्या कडेवर वाढली, आणि घरातली एकुलती नात तिनं हात पुढे केला की मागे सरकायची. मुलगा जालन्याला बियाण्याच्या गोदामात कामाला, महिन्याकाठी यायचा. त्याच्याकडे ती जायची. आजोबांकडे जायची. कारभारीच्या मांडीवर ती तासतास त्याच्या बंडीचं बटण फिरवत बसे, आणि गोजरबाई चुलीपाशी बसून ते बटण पाहत असे.

मग एक दिवस पिठाच्या गिरणीवर दळणाला आलेली सोनूबाई म्हणाली, "तुमची नात लई हसती की ओ."

"माझी नात?"

"काल पुष्पाबाईच्या खोलीवरून गेल्ते. खळाखळा हसून राह्यली होती. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची हाये."

गोजरबाईनं दळण तसंच सोडलं. द्वारका हसते हे तिला ठाऊक नव्हतं. तिचं हसू कसं वाजतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं, आणि ते रस्त्यानं जाणाऱ्या सोनूबाईनं ऐकलं होतं.

घरी सून दुर्गा भांडी घासत होती. गोजरबाई दारातूनच बोलली, "घरची अंगणवाडी सोडून पोरगी तिकडं नेती? माझं नाक कापायला?"

दुर्गा उठली नाही. राखेचा हात तसाच ठेवून म्हणाली, "आत्या, तिथं ती कानावरचे हात काढती."

"इथं काय आम्ही तिला मारतोत?"

"न्हाई. पण इथं काढत न्हाई ना."

त्या रात्री गोजरबाई जेवली नाही. पुष्पाबाईपाशी असं काय आहे? खोली पत्र्याची. कपाळ मोकळं. हात भुंडे. पोरांना रंग लागतो, चमक लागते, किणकिण लागते, हे तिनं बारा वर्षं पाहिलं होतं. ते सगळं आपल्याजवळ आहे आणि पोरगी त्या रुक्ष बाईकडे जाते, म्हणजे आपल्याजवळ ते कमीच पडत असणार. बाजाराच्या दिवशी ती कासाराकडे गेली आणि कोपराखालपर्यंत नवा चुडा भरून आली, सोनेरी बुंदक्यांचा. द्वारकेसाठी इवल्या बांगड्या आणल्या. पोरीला जवळ ओढून त्यांतली पहिली मनगटावर चढवली तेव्हा द्वारका अशी ओरडली की गोठ्यातली गाय दाव्याला हिसका देऊन उभी राहिली.

"सोड तिला," कारभारी म्हणाला.

"लाड करून राह्यले मी!"

"माहिती हाये. सोड."

दुसऱ्या दिवशी तिनं मंडपातली पोरं मदतनीस बाईवर सोडली आणि बाजारतळाकडे गेली. पुष्पाबाईच्या खोलीबाहेर आया ओट्यावर बसल्या होत्या, चपला काढून, कुजबुजत. आत मोठ्या बाईमाणसानं जायचं नाही, असा तिथला नियम होता. गोजरबाई मागच्या बाजूनं गेली आणि खिडकीच्या गजांपाशी उभी राहिली.

खोलीत दोरीवर एक जुनं घोंगडं आडवं टाकलं होतं. त्याची गुहा झाली होती. पत्र्याच्या भोकांतून उजेडाचे ठिपके पोरांच्या पाठींवर पडले होते. कुणी बसलं होतं, कुणी पालथं पडलं होतं. घोंगड्याआडून एक हात बाहेर आला. नुसता हात. त्याची मूठ वळली, घट्ट होत गेली, थरथरली. पुष्पाबाईचा आवाज खालून, पाण्यासारखा आला, "हा राग. कुणी फुंकर घालतं का?" एका पोरानं फुंकर घातली. एक बोट उघडलं. दुसऱ्यानं घातली, दुसरं उघडलं. मग हात घोंगड्याखाली शिरला. "ही भीती. तिला बाहेर यायचं न्हाई. आपण वाट पाहू." आणि त्यांनी खरंच वाट पाहिली. इतकी लहान पोरं, आणि वाट पाहत होती.

मग हात उपडा झाला, पोरांकडे पाठ करून. "हा रुसलाय."

द्वारका उठली. कानांवर हात नव्हते. ती त्या हातापाशी बसली आणि त्याच्या पाठीवरून आपलं बोट फिरवू लागली, जसं बटणावरून फिरवायची. हात थोडा वळला. ती थांबली. पुन्हा फिरवलं. हात आणखी वळला, आणि एकदम तळवा उघडा झाला. द्वारका हसली. हसू तिच्या पोटातून आलं, मोठं, उघडं, कुणाचीच परवानगी न घेतलेलं.

गोजरबाईनं गज पकडले. तिच्या चुड्याचा लोखंडावर आवाज झाला.

द्वारकेचं तोंड मिटलं. हात कानांवर गेले. तिनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो आवाज कुणाचा हे तिला न पाहता ठाऊक होतं. ती भिंतीकडे वळली.

गोजरबाई खिडकीखाली बसली. आपल्या हातांकडे पाहत राहिली. पोरगी आपल्याला घाबरत नव्हती, या बांगड्यांना घाबरत होती. आणि मग तिला कळलं की आपण आत्ता त्या विधवेच्या हातांचा हेवा केला. भुंड्या हातांचा. तसे हात आपल्याला हवेत, असं एका क्षणासाठी मनात आलं. तिनं घाईनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि कारभारीचं नाव मनात घेतलं.

घरी आली तेव्हा कारभारी ओसरीवर दोरी वळत होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं? मी मेलो का?"

"तसलं बोलू नका!" ती ओरडली आणि रडू लागली. मग सगळं सांगितलं, ते हेव्याचं सोडून. शेवटी म्हणाली, "थोड्या वेळापुरत्या उतरवल्या तर?"

"मी बसलोय ना इथं जिता."

"म्हणून तर इचारते."

"उतरवायच्या न्हाईत," कारभारी म्हणाला. तो दोरी वळत राहिला. मग उठला, आत जाऊन आपलं जुनं धोतर घेऊन आला आणि काठाकडून टराटरा फाडलं. तिचा हात धरून मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळू लागला, बैलाच्या शिंगाला गोंडा बांधावा तशी. बांगड्या दबल्या. दुसरा हात गुंडाळला. गाठ मारून म्हणाला, "हालव."

तिनं हात हलवले. काहीच वाजलं नाही. तिला एकदम नागडं वाटलं.

"माझंच धोतर हाये. कुणी काही म्हणलं तर सांग, नवरा बांधून घेतलाय म्हणावं."

ती दुसऱ्या दिवशी गावातून चालत गेली आणि कुणालाच ती येताना ऐकू आली नाही. सोनूबाई दचकली. "अगं बाई, हात भाजले का?" ओट्यावरच्या आया हसल्या. पुष्पाबाई दारात आली. तिनं त्या पट्ट्यांकडे पाहिलं, एका गाठीला बोट लावलं. खालचा काचेचा कडक उंचवटा तिला लागला असावा.

"उतरवल्या न्हाईत," ती म्हणाली.

"कशाला उतरवीन?"

"बराबर." पुष्पाबाईनं बोट काढून घेतलं. "अक्का, तुम्हाला झाकायला हायेत तरी."

ती काय म्हणाली हे गोजरबाईला आत गेल्यावर, अंधारात बसल्यावर कळलं. इतके दिवस आपण एकटीच जळतोय असं तिला वाटलं होतं. पुष्पाबाई रोज तिच्या बांगड्या ऐकत होती. देवळापासून बाजारतळापर्यंत तो आवाज यायचा.

घोंगड्याला मेंढराचा, पावसाचा, धुराचा वास होता. पुष्पाबाईनं राग केला, भीती केली. मग घोंगड्यामागे गोजरबाईकडे वळून नुसती मान हलवली. गोजरबाईनं आपला गुंडाळलेला हात बाहेर सरकवला आणि उपडा ठेवला. गाणं नाही, ढोलकी नाही. हाताला काय करावं कळेना. तो तसाच पडून राहिला, खरोखरच रुसल्यासारखा.

बराच वेळ काही झालं नाही. मग हाताच्या पाठीवर एक बोट आलं. लहान, जरा ओलं. पुढे गेलं, मागे आलं. धोतराच्या पट्टीवर चढलं, थांबलं, परत उतरलं.

हात आता वळवायला हवा होता. गोजरबाईनं वळवला नाही. पुष्पाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. तरी नाही. अडीच वर्षं तिनं या बोटाची वाट पाहिली होती. शेवटी तिनं तळवा उघडला आणि द्वारका हसली. गोजरबाईनं ते हसू पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकलं. पण घोंगड्याच्या फटीतून तिला दिसलं की हसताना पोरीनं मान वाकवून कडेनं आत पाहिलं होतं, पुष्पाबाईकडे. पाहिलंस का, असं.

कुसळ पुन्हा टोचलं.

पोरं गेल्यावर दोघींनी घोंगडं उतरवून घडी घातली. गोजरबाई म्हणाली, "राग तुझा, भीती तुझी, हसू तुझं. रुसवा मला दे."

"रोज?"

"रोज. मी मंडपातलं आटपून येत जाईन."

"तुमच्या रुसव्यानं पोरं ताटकळतेत अक्का. जल्दी वळा जरा."

"मला जसा येतो तसा येतो."

पुष्पाबाई हसली आणि तिनं दिला. पुढे कितीतरी वर्षं, द्वारका शाळेत गेल्यावरही, हा रुसवा गोजरबाईचाच राहिला. कारभारीची धोतरं त्यात संपत गेली. आणि प्रत्येक वेळी हात वळायला जेवढा वेळ लागायला हवा, त्याहून थोडा जास्तच लागायचा.